गॅसवर काढलेली दृष्ट

दृष्ट काढायला काहीही लागत नाही, असं माझ्या आईचं मत आहे. लिंबू नको, बाहुली नको, टाचण्या नकोत, बुवा तर नकोच. मूठभर मीठ, चिमूटभर मोहरी, चार लाल मिरच्या आणि मनात खोट नको. बस! (मनात खोट नको ही अट ती सगळ्यालाच लावते. थालीपिठालासुद्धा.)

मी हिंगोलीकडची. शाळा आठवीतच सुटली. माझी मावसबहीण नीताताई हिने मला घणसोलीला आणलं ते तिच्या बाळाला, विहानला सांभाळायला. ताई महापेला ऑफिसात जाते, भावजी जहाजावर असतात. ताईने मला पांघरुणापासून मोबाइलपर्यंत सगळं दिलं, लिफ्टला घाबरायचं नसतं हे शिकवलं. तिचे उपकार आठवले की मला भरून येतं, आणि आपलं काही चुकलं तर ती परत पाठवेल, अशी भीतीही मनात येते. दोन्ही बहुतेक एकदमच येतात.

तर त्या आठवड्यात विहानने खाणं सोडलं. खिमट दिलं, थू. वरणभात, थू. नाचणीचं सत्त्व तर थेट माझ्या डोळ्यात. ताई सकाळी दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "सुरेखा, आज पण नाही खाल्लं ना, तर पाळणाघराचं बघावं लागेल गं. तुला तरी किती टेन्शन देऊ?"

पाळणाघर लागलं की माझं इथे काय काम? मला डोळ्यांसमोर हिंगोलीची गाडी दिसायला लागली. त्यातली माझी सीटसुद्धा दिसली!

आईला फोन लावला.

"अगं, दृष्ट लागली असंल लेकराला! कोन आलतं का घरी?"

"वरच्या मजल्यावरच्या प्रधानकाकू. 'किती गुटगुटीत झालाय' म्हणाल्या."

"झालं की मग! उतरून टाक अन् तव्यावर जाळ. ठसका लागला तर समज काही नव्हतं. न्हाई लागला, तर जबर हाय!"

विहानला खुर्चीत बसवलं. मूठ ओवाळत म्हणायला लागले, "आल्याची, गेल्याची, पारावरच्याची, पाणवठ्यावरच्याची…" मग लक्षात आलं, इथे पार कुठाय? पाणवठा कुठाय? म्हणून पुढे जोडलं, "लिफ्टमधल्याची, पार्किंगमधल्याची, कुरिअरवाल्याची, सगळ्यांची दृष्ट जळून जाऊ दे!" विहान टाळ्या वाजवत होता.

तवा गॅसवर ठेवला आणि चिमणीचं बटण दाबलं. गॅस पेटवला की धूर ओढायची चिमणी लावायची, हा ताईने पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. तो मी एकदाही मोडलेला नाही. दूध कोमट करायचं असलं तरी लावते.

मिरच्या काळ्या पडल्या. मी नाक पुढे केलं. ठसका नाही!

"आई, काहीच होईना!" मी फोनमध्ये ओरडले.

"अगं माय! मिरच्या वाढव."

वाढवल्या. तरी नाही. विहान खदाखदा हसतोय आणि मी तव्यावर वाकून वास घेतेय!

"सुरे, ही साधी दृष्ट न्हाई. बरणीच घे."

वर्षभराच्या मिरच्यांची बरणी मी तव्यावर उपडी केली. एवढ्या धुराचा सोसायटीला त्रास नको, म्हणून चिमणीही फुल स्पीडवर टाकली. (शेजारधर्म मला पहिल्यापासूनच कळतो.)

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रधानकाकू! डोळे लालभडक, नाकाला धार, तोंडावर ओढणी. "अगं… ठो… काय… आक्छी!"

मी दोन पावलं मागे सरले. हातातला फोन चालूच होता. "कोन हाय गं?" आईने विचारलं.

"काकू! खोकतायत!"

"बघ! जिची तिलाच लागली! आत घिऊ नको तिला!"

फोन स्पीकरवर होता.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि सरळ स्वयंपाकघरात घुसल्या. "मिरच्या? एवढ्या? आणि चिमणी लावून? अगं बाई, हा पाइप कुठे निघतो माहितीये का तुला? माझ्या ओट्याच्या खिडकीखाली!"

"ताईने सांगितलंय, गॅस लावला की…"

"बंद कर आधी ते!"

मी आज्ञाधारक. गॅस राहिला बाजूला, मी चिमणी बंद केली.

आणि मग लागला ठसका! काकू खोकतायत, मी खोकतेय, विहानने भोकाड पसरलेलं. फोनमधून आई आनंदाने ओरडली, "ठसका लागला? मग काही नव्हतं गं! उगंच घाबरलीस!"

काकूंनी गॅस बंद केला, विहानला उचललं आणि बाल्कनी गाठली. तो आ वासून रडत होता. काकूंनी ओले डोळे पुसून त्या आ मध्ये वाकून बघितलं. "अगं वेडे, हिरडी बघ केवढी सुजलीये! दाढ येतेय याला! गरम गरम कशाला भरवतेस? गार दहीभात दे."

दिला. वाटी चाटूनपुसून साफ.

तरी संध्याकाळी ताई यायच्या आत मी बॅग भरून ठेवली. एवढं केल्यावर कोण ठेवून घेणार? ताई आली, तिच्या मागोमाग काकू आल्या. मी दाराआड.

"नीता, या पोरीला कुठे पाठवू नकोस हं," काकू म्हणाल्या. "महिनाभर माझं नाक चोंदलेलं. वाफा घेतल्या, ड्रॉप्स घातले, काही होईना. आज सुटलं बघ! दुपारी आमटीचा वास आला मला!"

ताई हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "सुरेखा, बॅग रिकामी कर," ती म्हणाली, "आणि उद्या मिरच्या आण."

आई अजून म्हणते, तुझ्या मनात खोट असंल, म्हणून मंत्र लागू पडला नाही अन् दहीभात द्यावा लागला. तिला कसं सांगू? लागू पडला की! फक्त एक मजला वर.