आधी जुनी प्रत काढा

कष्ट आणि फळ यांच्यात काहीतरी नियमित संबंध असतो, या माझ्या लहानपणापासूनच्या श्रद्धेला सुरुंग लावणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो एम.एस्सी.ची दोन वर्षे माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार होता. हजेरीपटावर आमची आडनावे शेजारी होती, एवढाच आमच्या मैत्रीचा पाया. मी विद्यापीठात दुसरी आले. पहिली का आले नाही, याचे स्पष्टीकरण म्हणून मी आजही त्याच्याकडेच बोट दाखवते. सध्या मी सातपूरच्या एका कंपनीत यंत्रांना आज्ञा देणारी प्रणाली लिहिते. ती बिनचूक चालते, त्यामुळे ती अस्तित्वात आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो पॉडकास्ट करतो. आठवड्यातून पाऊण तास, मराठीतून, संगणक, मोबाइल, यंत्रमानव असल्या विषयांवर विनोदी बोलतो. तो चुकतो, अडखळतो, स्वतःच्याच वाक्याला स्वतःच हसतो, आणि सुरगाण्याच्या जीपवाल्यांपासून माझ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला ऐकतात.

त्याच्या वडिलांचे घोटीला तांदळाचे गोदाम आहे आणि त्याचा पहिला स्टुडिओ तोच. भाताच्या पोत्यांची थप्पी आवाज पिऊन टाकते, प्रतिध्वनी उरू देत नाही, हा शोध त्याला दुपारच्या झोपेत लागला. कोणता पदार्थ किती ध्वनी शोषतो याचे तक्ते मी बी.एस्सी.ला पाठ केले होते. त्याने दोन थप्प्यांमधल्या बोळात स्टूल टाकले आणि बोलायला सुरुवात केली. विनोदाची परीक्षा घेण्याची त्याची पद्धतही तिथलीच. तो बोलत असताना हमाल पाठीवर पोते घेऊन ये-जा करत. हमाल नुसता हसला तर विनोद नापास, कारण चालता चालता कुणीही हसतो. पाठीवर पन्नास किलो असताना जो थांबला, त्याचे मत ग्राह्य. हमालांचे मुकादम हे या मंडळाचे अध्यक्ष. एकदा त्याने इंटरनेटच्या वेगावर बराच वेळ घासूनपुसून केलेला विनोद ऐकवला, तेव्हा मुकादम न थांबता पुढे गेले, पोते थप्पीवर टाकले आणि परत येताना शांतपणे म्हणाले, "इनोद बरा हाय, पण एवढं वजन घेऊन थांबावं असा नाय." तो विनोद त्याच दिवशी रद्द झाला. निष्कर्ष तपासण्याची इतकी कठोर पद्धत आमच्या विभागात एकाही प्राध्यापकाकडे नव्हती, हे मान्य करताना मला त्रास होतो.

त्याला व्हर्जन कंट्रोल मी शिकवले. ही गोष्ट मी ठिकठिकाणी सांगत असते, म्हणून इथेही सांगते. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या फायलींना तो 'अंतिम', 'अंतिम-खरा', 'अंतिम-आईशपथ' अशी नावे देत असे. तोंडी परीक्षेच्या सकाळी त्याने 'अंतिम-खरा' उचलून 'अंतिम-आईशपथ'वर टाकला आणि माझे तीन आठवड्यांचे काम पुसले गेले. परीक्षकांसमोर मी उरलेल्या भागावर बोलले आणि उरलेला वेळ त्याने त्यांना हसवून काढला. त्याला माझ्याहून दोन गुण जास्त मिळाले. संतापाने मी त्याला कँटीनमध्ये बसवले आणि ती पद्धत शिकवली: लिहिताना प्रत्येक टप्प्यावर प्रत जतन करायची, काय बदलले त्याची एका ओळीत नोंद करायची, म्हणजे कोणतीही जुनी प्रत केव्हाही काढता येते आणि कोणती ओळ कुणी लिहिली हेही कळते. तो चहा विसरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे आपण जे खोडलं तेही राहतं? अगं, हे फार भारी आहे."

त्यानंतर त्याने त्या पद्धतीचे जे काही केले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसणार नाही. नोंद त्रोटक आणि तटस्थ असावी असा संकेत आहे. त्याच्या नोंदी अशा: "दुसरा विनोद काढला. मुकादम थांबले नाहीत." "तिसरी ओळ काढली." "तिसरी ओळ परत आणली, तिच्याशिवाय करमेना." कार्यक्रमाची संहिता तर तो तशी ठेवीच, पण लिंबाच्या लोणच्याची आईची कृतीही ठेवी. 'तांदळाच्या धंद्यात पडणार नाही हे वडिलांना सांगणे' या विषयाचे भाषणही त्यात होते. त्याच्या सतरा प्रती मी पाहिल्या आहेत. चौथ्या प्रतीत तो तत्त्वज्ञ होता, अकराव्या प्रतीत रडत होता, सतराव्या प्रतीत फक्त दोन वाक्ये उरली होती. ती घेऊन तो वडिलांसमोर गेला, तर त्यांनी पहिले वाक्य संपायच्या आत सांगितले, "जा, पण सकाळचं गोदाम उघडून जा." नोंद: "सर्व प्रती वाया. आनंद."

दर बुधवारी संध्याकाळी तो नवी संहिता पाठवी आणि मी तिच्यातल्या शास्त्रीय चुका दुरुस्त करी. थेट त्याच फाइलमध्ये, माझ्या नावाने. दोन वर्षे मी हे विनातक्रार केले असे म्हणता येणार नाही, पण केले. मग व्हर्जन कंट्रोलवरचा तो भाग आला. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले की संगणक अडतो आणि निर्णय माणसावर सोपवतो, एवढाच विषय. मी त्यासाठी चार वाक्यांची निर्दोष व्याख्या दिली होती. त्याने ती काढून त्याच्या आत्याच्या मुलीची लग्नपत्रिका घातली. दोन काकांनी एकमेकांना न विचारता छापखान्यात जाऊन निमंत्रकांच्या नावांचा क्रम बदलला, छापखानेवाल्याने कुणाचेच मन मोडायचे नाही म्हणून दोन्ही क्रम छापले, आणि एकाच पत्रिकेत दोन्ही काका दोनदा निमंत्रण देत राहिले. त्या गोष्टीच्या शेवटी तो सुस्कारा टाकून म्हणतो, "दोघंही चूक आहात. आधी जुनी प्रत काढा, मग भांडा."

हे वाक्य नाशिकभर झाले. द्वारकेच्या चौकात एक रिक्षावाला दुसऱ्याला ते ऐकवताना मी पाहिला. आमच्या सोसायटीच्या बैठकीत चिटणीसांनी पार्किंगच्या वादात ते वापरले. वणीला सासर असलेली माझी मामेबहीण ते तिच्या सासूला म्हणाली आणि सासूबाई चक्क हसल्या. मी मात्र ज्याला त्याला सांगत फिरले, की वाक्य अगदीच सामान्य आहे, त्यात ना श्लेष ना कल्पना. त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांची दोन व्याख्याने एकाच दिवशी ठेवली. माझ्या व्याख्यानाला अकरा जण होते, त्यांतले चार प्रमाणपत्रासाठी. त्याच्या वेळी मुले खिडक्यांत बसली होती. मी दाराशी उभी राहून त्याच्या बोलण्यातल्या चुका मोजल्या. पाच होत्या. हसण्याच्या नादात एखादी मोजायची निसटली असण्याची शक्यता आहे.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने त्याचा कार्यक्रम स्वतःकडे घेण्याचे ठरवले. त्यांना सर्व भागांच्या लेखकांची यादी हवी होती. त्याने ते काम माझ्याकडे दिले. "तू करशील तर कुणी शंका घेणार नाही," तो म्हणाला. मला हे हवेच होते. या यादीत माझे नाव त्याच्या शेजारी, हजेरीपटावर होते तसे, आले पाहिजे, अशी माझी इच्छा इतकी तीव्र होती की तिला शास्त्रीय भाषेत मांडणे मला जमत नाही. निम्मे लेखन माझे आहे, याबद्दल मला खात्री होती. भांडणाची पूर्वतयारी म्हणून मी वाक्येसुद्धा जुळवून ठेवली.

प्रत्येक ओळीसमोर तिच्या लेखकाचे नाव दाखवणारी एक आज्ञा या पद्धतीत असते. तिचे इंग्रजी नाव 'ब्लेम', म्हणजे दोष देणे, असे आहे, आणि एका रविवारी यादी करायला बसून मी ती त्याच भावनेने दिली. पडद्यावर त्याचे नाव, त्याचे नाव, त्याचे नाव. मला वाटले, माझ्या ओळी त्याने शब्द फिरवून स्वतःच्या केल्या असणार. म्हणून मी जुन्या प्रती काढल्या आणि एकेक भाग पहिल्या खर्ड्यापासून वाचला. तिथे माझ्या ओळी होत्या, शेकड्यांनी. सर्व अचूक होत्या. त्यांतली एकही ऐकायला कुणी पाठीवर पोते घेऊन थांबला नसता. त्याने त्या चोरल्या नव्हत्या. त्यांतले सत्य ठेवून भाषा टाकली होती, आणि नवी भाषा सर्वस्वी त्याची होती.

अखेरच्या प्रतींमध्ये माझ्या नावाची ओळ एकच निघाली. लग्नपत्रिकेच्या भागात, अगदी शेवटी. "दोघंही चूक आहात. आधी जुनी प्रत काढा, मग भांडा." मग आठवले. कंपनीतून दमून आले होते, त्याची ती पत्रिकेची गोष्ट वाचून वैतागले होते, आणि काकांनी मुळात काय करायला हवे होते याची तांत्रिक सूचना म्हणून ते लिहून झोपले होते. त्या बदलानंतरची त्याची नोंद अशी होती: "बाकीच्या सूचना काढल्या. ही ओळ तिची. हसवायला लिहिलेली नाही, म्हणून हसू येतं. मुकादम थांबले. हात लावू नये."

मी यादी पाठवली. लेखक म्हणून त्याचे एकट्याचे नाव. अर्ध्या तासात त्याचा फोन आला.

"तुझं नाव कुठंय?"

"एका ओळीसाठी नाव लावत नाहीत."

"मुकादमांची एकही ओळ नाही, त्यांचं लावतोय मी. तुझंही लावतो."

"मी तपासून पाठवलंय."

"मग या वेळी तुझं चुकलंय," तो म्हणाला, आणि प्रथमच त्याच्या आवाजात विनोद नव्हता.

त्याने मुकादमांचे आणि माझे अशी दोन्ही नावे घातली. मुंबईच्या लोकांनी दोन्ही गाळली, एकाच फटक्यात. मुकादमांना ते कळले तेव्हा त्यांनी मला विचारले, "ताई, आपण काय लिव्हलं होतं त्यात?" मी सांगितले, की तुम्ही थांबला होता आणि मी रागावले होते. त्यांना ते योगदान पुरेसे वाटले असावे.

आता तो मुंबईत खऱ्या स्टुडिओत बोलतो. त्याला तिथे चार लेखक आहेत आणि हमाल एकही नाही. बुधवारी माझ्याकडे काही येत नाही. परवा त्याने उपग्रहांबद्दल एक ढोबळ चूक केली आणि माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. कार्यक्रम नेताना त्या कंपनीने फक्त अखेरच्या प्रती घेतल्या. मागचे खर्डे आणि नोंदी आम्हाला नकोत म्हणाले. त्याचा जुना लॅपटॉप गोदामातल्या धुळीने बंद पडला. या पद्धतीत काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सगळा इतिहास उतरलेला असतो, त्यामुळे तो आता फक्त माझ्या संगणकावर आहे: परत आणलेली तिसरी ओळ, वडिलांसाठीची सतरा भाषणे, आईचे लोणचे, आणि एका ओळीसमोर माझे नाव. त्याचा हेवा वाटला की मी ती जुनी प्रत काढून बसते. भांडायचे मात्र दर वेळी राहून जाते.