खिशातलं खिशात

इस्त्रीवाल्या काकांना अख्ख्या वॉर्डाचं राजकारण ठाऊक होतं, तेही एका सभेला न जाता. शर्टावर इस्त्री फिरवण्याआधी खिसा चाचपायचा, हा धंद्याचा पहिला नियम. नाहीतर पेनाची शाई कापडभर पसरते आणि गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागतात. एकतीस वर्षं त्या खिशांतून चिठ्ठ्या, बिल्ले, सभांची पत्रकं निघत होती. काका ते सगळं पाकिटात घालून कपड्यांच्या गठ्ठ्याला टाचून परत करत. खिशातलं खिशात. कोणाचा कल कुठे आहे, याबद्दल बायकोलासुद्धा त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. या गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांनी फारसा लपवलाही नव्हता.

शहर छोटं. स्टेशनकडचे लोक कुलपावर शिक्का मारत, बाजाराकडचे शिडीवर. काकांचा वॉर्ड बाजाराला लागून, म्हणजे डोळे मिटून शिडीचा. पण मागच्या खेपेला शिडी जेमतेम एकोणीस मतांनी निवडून आली आणि जो तो विचारू लागला, फुटलं कोण? न्हाव्याने शिंप्याकडे बोट दाखवलं, शिंप्याने वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे. भाडेकरू कोणाकडेच बोट दाखवेनात, म्हणून त्यांच्यावर जास्तच संशय. शेजारीपाजारी "काय, बरं आहे ना?" विचारतानाही आधी समोरच्याचा चेहरा वाचू लागले.

पुढची निवडणूक जवळ आली तसा एके सकाळी शिडीचा सेक्रेटरी स्वतः कपडे घेऊन आला. एरवी त्याचे कपडे ड्रायव्हर आणून टाकायचा, त्यामुळे काकांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. सेक्रेटरीने आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग दुकानाची. दुकान म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीतली जिन्याखालची जागा. परवाना दर वर्षी नवा करावा लागे आणि यंदाचा कागद दोन महिने एका टेबलावर पडून होता. टेबलापाशी कोणाचं चालतं, हे सांगायला नको. सेक्रेटरी म्हणाला, कागद हलेल. फक्त कुलपाचे बिल्ले कोणाच्या खिशातून निघतात, तेवढं कानावर घालायचं.

दोन दिवस काकांनी खिशातलं नेहमीसारखं टाचून परत केलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या शर्टात कुलपाचा बिल्ला निघाला. काकांची मुलगी लहानपणी टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हाच माणूस रोज घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचा. काकांनी बिल्ला पाकिटात घातला, गठ्ठ्याला टाचला. संध्याकाळी सेक्रेटरी आला आणि त्यांच्या तोंडून नाव निघून गेलं. निघून गेलं, असं ते पुढे स्वतःला सांगत राहिले. खरं तर त्यांनी ते सावकाश, नीट सांगितलं होतं.

आठवड्याच्या आत परवाना हातात पडला. त्याच आठवड्यात कंपाउंडरची बदली झाली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कचराडेपोशेजारच्या दवाखान्यात. मागाहून कळलं की कुलपाच्या सभेत त्याची प्रथमोपचाराची ड्यूटी होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर दारातच बिल्ला लावत होते. त्याचं मत कोणाला, हे काकांना तेव्हाही ठाऊक नव्हतं.

कंपाउंडरच्या बायकोने नेहमीसारखा गठ्ठा आणून ठेवला आणि गेली. काकांनी सोडून पाहिलं तर पँटींचे खिसे उलटे करून बाहेर काढलेले आणि शर्टांचे खिसे पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून बंद केलेले. त्यांनी टाक्यांवरूनच इस्त्री फिरवली. पुढच्या सोमवारी शिंप्याचे कपडे तसेच आले. मग न्हाव्याचे, मग भाडेकरूंचे. महिन्याभरात अख्ख्या वॉर्डाच्या पँटी जिभा बाहेर काढून काकांच्या टेबलावर पडू लागल्या. काकांना शरम वाटत होती, आणि ती सांगायची तरी कोणाला?

मतदानाच्या आदल्या आठवड्यात सेक्रेटरी पुन्हा डोकावला. खिसे काय म्हणतात, असं त्याने हसत विचारलं. काका म्हणाले, रिकामे आहेत.

"सगळेच?" सेक्रेटरीचं हसू विरलं. "का तुम्हीपण तिकडचे झालात?"

काकांनी शपथ घेतली, पण सेक्रेटरी पूर्ण ऐकायला थांबला नाही. वॉर्ड हातचा गेला तर पहिला हिशेब आपल्याशी होणार, परवान्याचं काही खरं नाही, हे काकांना कळून चुकलं.

मतदानाला तिघं बरोबर गेली. काका, बायको आणि पहिल्यांदाच मत देणारी मुलगी. बाहेर येताना सगळा वॉर्ड रांगेत उभा होता आणि काकांची नजर टाळत होता. घरी येऊन चपला काढता काढता काकांना राहवलं नाही. निदान घरची तीन मतं तरी पक्की आहेत ना, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी मुलीला विचारलं, कोणाला दिलंस गं?

मुलीने आईकडे पाहिलं.

"का हो?" बायको म्हणाली. "कोणाला सांगायचंय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत उभी होती.