मोरीतल्या नळावरची गाठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही. परवा घरी प्लंबर आला, नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू लागला, आणि मला लालबागच्या आमच्या खोलीतली मोरी आठवली.

गिरण्यांचा संप लांबला होता. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ते घरी बसले तशी आईने खाणावळ सुरू केली, मी फोर्टातल्या एका दुकानात लागलो. बाबांना रिकामं बसवेना. मग त्यांनी घरच दुरुस्त करायला घेतलं — स्टुलाचा पाय, कपाटाची कडी, जे दिसेल ते. हाताशी होतं फक्त गिरणीतलं सूत. तुटलेला धागा जोडायची ती बारीक, न सुटणारी गाठ ते सगळ्यालाच मारत. लहानपणी मलाही शिकवलेली. काय सुंदर दिसायचे हो त्यांचे हात तेव्हा.

पण नळ म्हणजे काही स्टूल नव्हे. मोरीतला नळ सुताला दाद देईना, आईच्या पायाखाली कायम ओल. बाबांना सांगणार कोण? मी भित्रा. ते सभेला गेले तेव्हा घोडपदेवहून प्लंबर आणला. त्याने झिजलेला तुकडा काढून नवा बसवला. इथवर ठीक होतं — नाही का? पण मग मी त्या नव्या सांध्यावर बाबांचंच सूत पुन्हा गुंडाळलं आणि त्यांच्यासारखी गाठ मारली. आईला गप्प राहायला सांगितलं.

संध्याकाळी बाबांनी कोरडी मोरी पाहिली आणि कित्येक महिन्यांनी हसले. शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग खालच्या मजल्यावरच्या शेवंताकाकूंनी त्यांना बोलावलं. त्यांचाही नळ गळत होता, आणि लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. बाबा सुताची गुंडी घेऊन निघाले तेव्हा मी दारातच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं — ते माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यांच्या मागोमाग मीही खाली गेलो. बाबांनी जोर लावला, सांधा निखळला, खोलीभर पाणी. पलंगाखालची लग्नाच्या साड्यांची ट्रंक भिजली. काकू रडत रडत वाट्टेल ते बोलल्या.

"आमचो नळ मियाच केलंय गे," बाबा म्हणत राहिले, "इचार हेका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळी चाळ बघत होती. आणि मी म्हणालो, "बाबा, असल्या कामाला माणूस बोलवायचा असतो."

ते वर आले, मोरीत उकिडवे बसले, नळावरची गाठ बोटांनी चाचपली. मी डावखुरा. माझी गाठ उलटी पडते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"ही डाव्या हाताची गाठ आसा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी घरातल्या कशाला हात लावला नाही. साधा बल्ब गेला तरी म्हणत, माणूस बोलव. माझं नाव मात्र त्यांनी कुणाकडे घेतलं नाही, काकूंकडेही नाही. चाळीतली पोरंटोरं त्यांना शेवटपर्यंत 'प्लंबर' म्हणून चिडवत.

एकदा बाबांसमोरच त्या पोरांबरोबर मीही हसलो होतो.