उडीबाय कौल कधी घेणार?

किस्से जमवावे लागत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. आयुष्यभर मी तळटिपा जमवल्या, आणि त्या कुणी वाचल्या नाहीत. निवृत्तीनंतर डिचोलीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी जाऊन बसायला लागलो आणि दाराशी चपला जमतात तसे किस्से आपोआप जमत गेले. कुणाची कुठली, हे निघताना ओळखू येत नाही. त्यामुळे पुढे सांगतो त्यात एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेलं असेल तर चूक माझी. शेवटचा किस्सा मात्र माझा स्वतःचा आहे, आणि त्यातला शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही.

*

सुरुवात गौरीमुळे झाली. गौरी आमची ग्रंथपाल, पंचविशीतली, संगणकावरच्या खेळांची भारी नादी. वाचनालयात माणसं यावीत म्हणून तिने शनिवारी पडद्यावर सिनेमे दाखवायला घेतले. पहिलाच सिनेमा तिच्या आवडत्या खेळावरचा. त्यातली परदेशी नायिका जगभरच्या जुन्या थडग्यांत आणि देवळांत शिरते, कड्यांवरून उड्या मारते, आणि सोन्याचं काहीतरी घेऊन बाहेर पडते. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. उल्हासने दहा मिनिटांत तिचं नवं बारसं केलं : उडीबाय. "चालत कशी नाय ही? दाराकडे जावचा तरी उडी!"

उल्हास मूळचा सिंधुदुर्गातला. वीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर टिपर चालवत होता. आता स्वतःची मिनीबस घेऊन शाळेची मुलं नेतो. शेजारी सुमतीबाई, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पलीकडे मांद्र्याचा सगुण, जो दशावतारात स्त्रीपार्टी करतो आणि एरवी घरातल्या दोन खोल्या टुरिस्टांना देतो. आणि मी, इतिहासाचा प्राध्यापक. पेडणे-डिचोलीच्या जुन्या दगडी मूर्तींवर माझी डॉक्टरेट आहे, म्हणून सुमतीबाई मला गुडघेदुखीवर औषध विचारतात.

सिनेमाच्या शेवटी उडीबायने देवळाच्या भिंतीतून सोन्याची एक चकती उपटली. देऊळ कोसळलं, आणि ती हसत बाहेर आली. मला राहवलं नाही. उभा राहून मी म्हणालो, "ही चोर आहे. उघडउघड चोर."

गौरी शांतपणे म्हणाली, "चोर नाही हो सर. आर्किऑलॉजिस्ट आहे."

*

त्या दिवशी तणतणतच घरी आलो. टेबलावर कागद होते, आणि कागदांवर हत्ती होता.

हा हत्ती म्हणजे मुठीएवढं दगडी डोकं, सोंड वर केलेलं. प्रबंधाच्या वेळी पेडण्यातल्या एका गावात हिंडत असताना देवळामागच्या झाडाखाली गजलक्ष्मीची शिळा दिसली. मधे लक्ष्मी, दोन्ही बाजूंना पाणी घालणारे हत्ती. एका हत्तीचं डोकं तुटून बाजूला पडलं होतं. मी ते झोळीत टाकलं. अभ्यासासाठी, असं तेव्हा मनाशी म्हणालो. परत नेऊन ठेवणार होतो, हेही मनाशीच. तेव्हापासून ते माझ्या कागदांवर बसून आहे.

त्यामुळे माझा संताप खरा होता की नाही, याची मला आजही खात्री नाही. पण होता मोठा.

*

पुढच्या शनिवारी गौरीने बातमी आणली. सिनेमाचा दुसरा भाग काढायचं कंपनी मनावर घेत नाहीय, म्हणून जगभरचे चाहते एका वेबसाइटवर आपापल्या कल्पना लिहून पाठवतायत. "आपणही एक पाठवू. गोव्याची."

सुमतीबाईंचा हात सर्वांत आधी वर गेला. "दोन तास मी बघितलं. ती जेवली कधी?"

"बाई, तो ॲक्शनपट आहे."

"असेल. अकरा वाजता पेज नको? उपाशी पोटी कड्यावरून उड्या मारतात होय? दुसऱ्या भागात ती जेवत नसेल तर माझं नाव खाली घालू नकोस."

गौरीने हे लिहून घेतलं. माझी तळटीप मात्र तिने कधी लिहून घेतली नव्हती.

*

सगुणची तक्रार वेगळी होती. "ती बोलत कशी नाय? राक्षस समोर इलो की थेट गोळी! आमच्याकडे राणी राक्षसाक मारूच्या आधी अर्धो तास विचारता : कोण तू, खंयसून इलंस, माझ्या राज्यात तुझा काम काय?"

"अर्ध्या तासात राक्षस पळून जाईल," गौरी म्हणाली.

"नाय जायत. तो उत्तर देता. त्येचीय बाजू असता." मग सगुणने उभं राहून, पदर नसताना पदर सावरत, बायकी आवाजात तो प्रवेश करूनच दाखवला. 'शांतता राखा' या पाटीखाली वर्तमानपत्र वाचत बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली आणि गौरी घाबरली.

गृहस्थ म्हणाले, "आता राक्षसाचं होऊ दे."

*

उल्हासला गौरीनेच डिवचलं. "तुमच्या खाणीत आणूया का तिला? तो सुर्ल्याचा खंदक पाण्याने भरलाय. हिरवंगार पाणी, केवढी खोली! उडीबाय सूर मारेल आणि तळाशी..."

"तळाक काय?"

"काहीतरी असेल ना, खजिना."

"काय नाय थंय," उल्हास म्हणाला. "होता ता आमीच वर काढला. वीस वर्सां. तिचो सिनेमा दोन तासांचो, आमचो तीन पाळ्यांचो."

कुणी हसलं नाही. मग तोच म्हणाला, "पण एक सांगतंय. पयल्या दिवशी टिपरात बसूच्या आधी आवशीन माका देवळात नेलो आणि कौल घेतलो. ह्या बायन कौल घेतलो?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्न असो, बोअरवेल असो की परदेशातली नोकरी, देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव फुलांच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं तिच्या कानी घालतो, आणि वाट बघतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही.

त्या शनिवारपासून आमच्यात म्हणच पडली. सुमतीबाईंची छत्री चुकून कुणी नेली, तरी सगुण विचारायचा, "कौल घेतलो?"

*

मधेच एक दिवस सगुणचा फोन. त्याच्याकडे उतरलेल्या परदेशी पाहुणीने खिडकीत एक दगडी घोडा ठेवलाय. गावच्या वडाखाली जुन्या भंगलेल्या मूर्ती ठेवतात, तिथून उचललेला. "सर, तुमी येवा आणि तिका सांगा. माझी इंग्लिश भाड्यापुरती."

दोन बस बदलून मांद्र्याला गेलो. तिच्या अंगात उडीबायचं चित्र असलेला टी-शर्ट. पाऊण तास मी तिला सुनावलं. भंगली म्हणून वस्तू बेवारस होत नाही, गाव तिला रोज बघत नसलं तरी ती गावाची असते, शिकलेल्या माणसांनी तरी असं करू नये. इतकं चांगलं व्याख्यान मी वर्गात कधी दिलं नव्हतं. मुलगी निमूटपणे उठली, घोडा जिथून उचलला तिथे नेऊन ठेवला, आणि क्षमा मागितली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

परतताना तिने विचारलं, तुम्हाला हे इतकं कसं माहीत? याच मूर्तींवर डॉक्टरेट केली, मी म्हणालो. तिने कौतुकाने विचारलं, "आणि तुम्ही कधीच काही घरी नेलं नाहीत?"

माझ्या आधी सगुण बोलला. "नो, नो. सर व्हेरी ऑनेस्ट."

त्याने चहा टाकला. मी शेवटच्या बसचं निमित्त सांगून न पिताच निघालो. शेवटच्या बसला अजून तीन तास होते.

*

कल्पना शेवटी गौरीचीच ठरली. दुसऱ्या भागात उडीबाय काही घेणार नाही. पहिल्या भागात जे जे नेलं ते एकेक करून परत ठेवणार, आणि प्रत्येक ठिकाणी आधी कौल घेणार.

"परत ठेवण्यात कसला थरार?" सुमतीबाई म्हणाल्या.

"बाईनू," उल्हास म्हणाला, "टिपर भरूक धा मिनटां लागतत. खड्डो भरून दाखवा."

इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'कौल'ला शब्द सापडेना. 'परमिशन' लिहिलं, तर गौरी म्हणाली, "परमिशन साहेब देतो. इथे देवी नाही म्हणू शकते." मग मी कौल हाच शब्द ठेवला आणि खाली तळटीप दिली. तळटीप मजकुरापेक्षा लांब झाली. वेबसाइटने ती कापून टाकली.

आठवड्याने उत्तरं आली. एका चाहत्याने लिहिलं होतं, कल्पना ठीक आहे, पण हा कौल नावाचा खलनायक जबरदस्त वाटतो. दुसऱ्याने विचारलं होतं, उडीबाय प्रत्येक देवळात या कौलला भेटते, तर त्याला शेवटी मारते कशी? तिसऱ्याने कौलचं चित्रच काढलं होतं. त्याला शिंगं होती.

मी खवळलो. चार परिच्छेदांचं उत्तर लिहून गौरीसमोर आपटलं. तिने ते बाजूला ठेवलं.

"तिथे इतकं लांब कुणी वाचत नाही, सर."

"मग अडाण्यासारखं काहीही बोलू द्यायचं?"

"तुमचा प्रबंध तरी कुणी वाचला?"

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि सगळ्यांबरोबर हसलो.

"मी वाचला," गौरी म्हणाली.

प्रबंधाची एक प्रत वाचनालयाला मीच भेट दिली होती. तिने ती कपाटातून काढली आणि मागचं छायाचित्रांचं पान उघडून टेबलावर ठेवलं. सोंड वर केलेलं हत्तीचं डोकं. खाली माझ्याच शब्दांत ओळ : 'लेखकाच्या संग्रहातून.'

सगळ्यांनी वाकून पाहिलं. सगुणने तर दोनदा वाचलं.

"कौल घेतला होता का, सर?" गौरीने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला रागवता आलं असतं.

मी पुस्तक मिटलं. सुमतीबाई छत्री शोधायला लागल्या. अखेर उल्हास म्हणाला, "उद्या आयतवार. शाळा बंद. बस रिकामीच असा."

*

तर हा शेवटचा.

रविवारी सकाळी आम्ही पाचही जण मिनीबसमधून पेडण्याला गेलो. हत्ती पंच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर. वाटेत कुणी उडीबायचं नाव काढलं नाही. सुमतीबाईंनी मात्र डब्यात पेज घेतली होती.

झाड होतं तिथेच होतं. शिळाही. पण तिचे दोन्ही हत्ती धड होते. उजवा जुना, आणि डाव्याला सिमेंटचं डोकं, रुपेरी रंग दिलेलं, सोंड खाली वाकलेली. एक म्हातारी समोर झाडत होती. मी बघतोय हे बघून ती थांबली.

"ह्यो माझ्या घोवान केलो," ती म्हणाली. "आदलो कोण चोर घेऊन गेलो. लक्ष्मीक एकाच बाजून पाणी पडा, त्येका बरा दिसा नाय. म्हणान त्येना बांधल्यान." मग झाडू आपटत म्हणाली, "तो चोर आता मेलो आसतलो."

"नाही," मी म्हणालो. "अजून नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, पंच्याकडे पाहिलं, आणि देवळाकडे बोट केलं.

गुरव माझ्यापेक्षा तरुण होता, पण आवाज जुन्या माणसाचा. उल्हासने त्याला थोडक्यात सांगितलं. आता खरा प्रश्न असा होता की दगड परत ठेवायचा तर कुठे? सिमेंटचं डोकं काढायचं की राहू द्यायचं? देवी हो म्हणेल की नको? गुरवाने पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, आणि हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बाये देवी, ह्यो तुझो लेक आज तुझ्या पायाकडे इलो. तुझ्या झाडाबुडचो हत्ती त्येना..." तो अडखळला आणि माझ्याकडे वळला. "काय म्हणू? नेलो म्हणू, काय चोरलो म्हणू?"

"मी त्या वेळी संशोधन..." मी सुरुवात केली.

"ता तिका समजाचा नाय. सादो शब्द सांगा."

"संग्रहासाठी..."

"म्हणजे नेलो?"

मागे सगुण होता, ज्याने मला ऑनेस्ट म्हटलं होतं. गौरी स्वतःच्या पायांकडे बघत होती. दारात ती म्हातारी झाडू घेऊन उभी होती.

"चोरला म्हणा," मी म्हणालो.

टप् असा आवाजही झाला नाही. उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

उल्हासने हात जोडले. गुरव पाकळीकडे बघत राहिला, मग वैतागून आमच्याकडे वळला.

"रवा हो," हात वर करून आम्हाला थांबवत तो म्हणाला. "मी आजून विचारूकच नाय."