परसातली जंबेरी

बाबांनी कलमावर बांधलेला शेवटचा संत्र्याचा डोळा मी मारून टाकला. लोक थंडीचं नाव घेतात, घेऊ देत.

सौंसरच्या आमच्या घरामागे, परसात, संत्र्याचं एक जुनं झाड होतं. डिंक्या रोग लागून ते वाळायला लागलं, तेव्हा बाबांनी त्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, काढून जंबेरीच्या खुंटावर बांधला. खाली आंबट, काटक जंबेरी आणि वर गोड संत्रा, अशीच कलमं होतात आमच्याकडे. शाळेत मास्तरकी करता करता बाबांनी ही विद्या कितीतरी बगिचेवाल्यांना शिकवली. डोळा लागला, जुनं झाड गेलं आणि बाबांचं विसरणं सुरू झालं. मला ते आपली बहीण समजायचे. जेवून हात धुतले की पुन्हा जेवायला मागायचे. रोपाजवळ मात्र शहाण्यासारखे वागायचे. रोप जगलं तर बाबाही थोडे शिल्लक राहतील, असं मी वेड्यासारखं मनाशी धरून बसले होते.

या पौषात गारठा एकदम वाढला. सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं दिसू लागलं. रोप गुडघ्याएवढं, पालवी अगदी कोवळी. मी पांढुर्ण्याहून जाड प्लास्टिक आणलं, रोपाला गच्च गुंडाळलं, बुडाशी सुतळी बांधली आणि स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या संध्याकाळी पाहते तर प्लास्टिक बाजूला फेकलेलं. रोपाभोवती कपाशीच्या चार वाळक्या काड्या रोवून बाबा उकिडवे बसले होते.

“काय करून राहिले बाबा तुम्ही?”

“बोरा आण,” ते म्हणाले.

महिनाभर ते हेच म्हणत होते. नसलेल्या झाडाची संत्री भरायला त्यांना बोरा, म्हणजे पोतं, हवं असायचं. मी काड्या उपटल्या आणि प्लास्टिक पुन्हा बांधलं. तिसऱ्या संध्याकाळी तेच. चौथ्या संध्याकाळीही काड्या, आणि पुन्हा “बोरा आण.” माझं डोकं फिरलं.

“आता हात लावला तर याद राखा! सारं वाटोळं करून राहिले तुम्ही!”

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि आत गेले. मी गाठीवर गाठ मारली. त्यानंतर ते परसात आलेच नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी प्लास्टिक सोडलं. आतून ते ओलं, गारठलेलं होतं आणि जिथे जिथे टेकलं होतं तिथलं पान काळं पडलं होतं. आठवड्याभरात वरचा सगळा संत्रा, डोळा बांधला होता त्या जोडापर्यंत, वाळला.

बाबांचे एक जुने विद्यार्थी बोरगावला बगिचा करतात. ते बाबांना भेटायला आले, तेव्हा मी त्यांना रोप दाखवलं.

“प्लास्टिक पानाले टेकू द्याचं नाही, ताई. चार काड्या रोवाच्या, वरून बोरा टाकाचा अन् सकाळी काढाचा. मास्तरांनंच तं शिकवलं आमाले.”

मला त्यांना चहा विचारायचंही सुचलं नाही. तीन संध्याकाळी बाबा पूर्ण शुद्धीत माझ्याशी बोलत होते. कदाचित त्यांचं तेवढंच उरलं होतं आणि मी ओरडून ते बंद केलं. याची माफी कुणाकडे मागायची?

फाल्गुनात जोडाच्या खालून एक फुटवा आला, हिरवागार. खालून आला म्हणजे तो जंबेरीचाच. मी बाबांना हात धरून परसात नेलं. त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटूनही ते संत्रा कोणता आणि जंबेरी कोणती ते सांगायचे. आज त्यांनी मला रागवावं, फुटवा नखाने खुडून टाकावा, एवढीच माझी इच्छा होती.

“संत्रा हाय,” ते म्हणाले. चेहरा उजळला होता. मग माझ्याकडे वळून, बहिणीला सांगावं तसं, हळूच म्हणाले, “माह्या पोरीनं जगवला. तिले सांगजो, लय चांगलं झाकलं मनावं.”

सांगीन म्हटलं.