मामांचं एक्स्पान्शन

शेवगाव तालुक्यात माझ्या बायकोच्या मामांइतकी राज्यं कुणी जिंकली नसतील, आणि इतक्या आनंदाने गमावलीही नसतील. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि ते लॅपटॉपवरच्या युद्धाच्या खेळात शिरले. या खेळात कुणी पाळीची वाट बघत नाही. शेती, किल्ला, लढाई सगळं एकदम चालतं. समोर शत्रू म्हणून त्यांचे जिवलग मित्र, कोपरगावच्या साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. रविवारी सकाळी कानाला फोन लावून युद्ध. मामी विचारायच्या, "वाढू का?" मामा म्हणायचे, "थांब, पूल पडतोय."

खेळाचं नवं एक्स्पान्शन, म्हणजे वरून जोडायची वाढीव आवृत्ती, आलं की मामा आधी नकाशाच्या चारी कडा फिरून येत, मगच मत देत. एकात नुसत्याच मोठाल्या तोफा होत्या. मामांनी ते दोन दिवसांत काढून टाकलं. "जावईबापू, तोफ मोठी केली म्हंजी खेळ मोठा व्हत न्हाई. आपली जुनी खोड मोडली पायजे!" पुढच्यात उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या आल्या. मामांच्या हुकमी होड्या चिखलात रुतल्या, ते सलग सात लढाया हरले आणि स्वतः जाऊन पेढे घेऊन आले.

मग मित्राला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ अडखळू लागली. त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली. मामांनीही खेळ सोडला. रविवारी नुसतं अंगण पावलांनी मोजत राहायचे. काही महिन्यांनी आलेल्या एक्स्पान्शनमध्ये दोघांना मिळून एकच राज्य चालवता येत होतं. मामांनी पुढचं काही वाचलंच नाही. लॅपटॉप पोटाशी धरून, मला सोबत घेऊन, एसटीने कोपरगाव गाठलं आणि ती चादर स्वतः ओढून काढली.

"तू डाव्या हातानं शेती बघ. लढायचं माझ्याकडं."

"तुझं... नुकसान," मित्र कसेबसे म्हणाले.

"माझा जलम बांध मोजन्यात गेला. शेती मला कुठं येती?"

इतकी वर्षं एकमेकांचे किल्ले जाळणारे दोघे पहिल्यांदाच शेजारी बसले. अर्ध्या तासात मित्रांनी दोनच शेतं पेरली. सैन्य उपाशी, शत्रू वेशीत, आणि मामा ओरडत होते, "दुसरं शेत लई बेस आखलंस!" राज्य बुडालं. मित्रांनी माऊसवरचा हात काढला नाही. म्हणाले, "परत." अगदी स्पष्ट.

परतीच्या एसटीत मामा खुशीत होते. नेवासा मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यो मागच्या अंगानं माझ्यावर घोडदळ घालायचा ना, तसं आता कोनी घालनार न्हाई."