जाळीच्या आतली जागा

१९९६ च्या जूनमध्ये श्रीधरला जन्मठेप झाली आणि त्याला नाशिकरोडच्या तुरुंगात आणलं. आमचा साखरपुडा झाला होता. लग्न व्हायचं होतं.

या सदरात लोक आपले जे गूढ अनुभव लिहितात ते मी वाचते, पण माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं क्रमांक घालून कपाटात लावायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

श्रीधर आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. मूळचा येवल्याचा. गावी सामाईक भिंतीवरून भांडण झालं आणि त्यात त्याच्या हातून चुलतभाऊ गेला. त्याने ते कधी नाकारलं नाही, मीही इथे त्याची बाजू मांडणार नाही.

भेटीचा पहिला अर्ज मी फाटकाजवळच्या खिडकीवर दिला. कारकुनाने तो वर-खाली वाचला.

“नातं लिहिलं नाही, ताई.”

“साखरपुडा झालाय.”

“मग लग्न झाल्यावर या की.” रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाला, “रक्ताचं नातं नसेल तर साहेबांची मंजुरी लागते. आणि त्याआधी कैद्याला तुमचं नाव द्यावं लागतं. यांनी एकच नाव दिलंय, आईचं.”

दीड वर्षात मी तीन अर्ज केले. तिन्ही वेळा तेच उत्तर. पत्रं लिहिली, त्यांनाही उत्तर नाही. त्याला मी नको आहे, असं मी समजून घेतलं... म्हणजे समजून घ्यायचा प्रयत्न केला.

त्याच्या आई महिन्यातून एका शनिवारी येवल्याहून एसटीने यायच्या. मुलाला भेटून माझ्या जेलरोडच्या खोलीवर येत, चहा घेत, जरा पाठ टेकत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मी त्यांना खोदून खोदून विचारायची.

“हाय बरा. पर एक खोड लागलीय त्याला,” एकदा त्या म्हणाल्या. “जाळीपाशी ही गर्दी, जो तो पुढं घुसतो. आन् हा आपला डाव्या हाताला हातभर जागा सोडून उभा! कोणी घुसलं की कोपरानं ढकलतो. जसं काय बसमधी रुमाल टाकलाय.”

आम्ही दोघी हसलो होतो.

मग १९९८ च्या जानेवारीतला शनिवार. सकाळी साडेदहाला एक फाटका शब्दकोश शिवताना दाभण माझ्या अंगठ्यात घुसलं. शाळेच्या शिपायाने चिंधी बांधून दिली. दीड वाजता खोलीवर आले तर आई पायरीवर बसलेल्या. मी कुलूप काढत होते, त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“तर खरंच लागलंय.”

“दाभण लागलं, आई. थोडंसंच.”

“तोच म्हणत होता. तिच्या अंगठ्याला चिंधी हाय, रक्त थांबंना, बघ जरा म्हणला.”

“कोण?”

“श्रीधर. आन् कोण?”

त्यांची भेट अकरा वाजता झाली होती. तेव्हा मी शाळेत होते, तुरुंगापासून सिटी बसने अर्ध्या तासावर. आई एसटीतून उतरून थेट तुरुंगात गेल्या होत्या आणि तिथून थेट माझ्याकडे.

“त्याने मला कुठे पाहिलं?”

त्यांनी पदराने ओठ पुसले. “त्या मोकळ्या जागेत. म्हणतो, तू दर भेटीला येतीस. बोलत नाय, नुसती त्याच्या शेजारी उभी राहतीस. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. म्हणून तुला सांगितलं नाय. पर ही चिंधी...”

पुढच्या महिन्यात मी त्यांच्यामागे लागले – माझं नाव का देत नाही, हे त्याला विचाराच. त्या परत आल्या त्या तणतणतच.

“इचारलं. म्हणतो, नाव दिलं तर तिला जाळीच्या पल्याड उभी करतील. आता ती माझ्याजवळ असती. मी म्हटलं, मुडद्या, ती कोण रं? खरी पोर तिकडं अर्ज लिहून लिहून वाळली, आन् तू सावली धरून बसलास? लय रडला मग. दिलं नाव.”

चौथा अर्ज मंजूर झाला. एप्रिलमध्ये आईंबरोबर गेले. दोन जाळ्या, मधे हातभर अंतर, दोन्हीकडे माणसं ओरडत होती. तो आला आणि डावीकडे जागा सोडून उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मागून एक जाडा माणूस त्या जागेत घुसला, आणि श्रीधरने त्याला घुसू दिलं.

“अंगठा बरा झाला का?” तो ओरडला.

“कधीच!”

“काय?”

“बरा झाला, बरा!”

वीस मिनिटं आम्ही असंच बोललो.

त्यानंतर पाच वर्षं मी दर महिन्याला गेले. त्याने पुन्हा जागा सोडली नाही. एकदा गर्दी कमी होती तेव्हा मी विचारलं, “ती दिसते का रे अजून?”

“नाही. तू येतेस ना आता,” तो म्हणाला. पण म्हणताना त्याने डावीकडे पाहिलं.

२००३ साली तो आजारपणात गेला.

ओळखीच्या एका डॉक्टरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, एकटेपणात माणसाला असं दिसतं. असेलही. पण अंगठ्याची चिंधी? त्या वेळी मी श्रीधरचाच विचार करत असेन म्हणावं, तर तो मी दिवसभरच करत असे. ती कोण होती, मला आजही माहीत नाही. ती मीच असेन, तर मी दीड वर्ष दर महिन्याला त्याच्या अंगाला अंग लावून उभी होते – आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही.

आईंना आता एकटीने येवल्याला राहवत नाही. त्या माझ्याकडेच असतात. घरात आम्ही दोघी आहोत.